सरळ पावसाची वाट

दि. ४ जुलै

ती. दादास,
ठकूचा सा. न. वि. वि.

पोचले, रुळले आणि भिजलेसुद्धा. खोली बरी आहे. खिडकीतून दवाखान्याची मागची बाजू दिसते, म्हणजे मी वेळेवर उठले की नाही हे मोठ्या बाईंना तिथून दिसतं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्य परिचारिका. आवाज असा की रडणारं बाळ ऐकायला थांबतं. काम मला आवडलं. बाळंत होऊन घरी गेलेल्या बायकांकडे दीड महिना जायचं, आईला तपासायचं, बाळाचं वजन करायचं. गाडी मिळेल असं सांगितलं होतं ती सायकल निघाली. पुढे टोपली आहे, एवढंच तिचं कौतुक.

म्हणून हे पत्र भावाला कमी आणि दुकानदाराला जास्त. इथल्या बाजारात प्लॅस्टिकचा कोट आणि पँट असा जोड घेतला. बाहेरून पाऊस आणि आतून घाम, कोण कुणाला हरवतंय ते बघत मी पॅडल मारते. बसलं की मांडीत तळं साचतं, उतरलं की ते तळं लोकांच्या उंबऱ्यात. पँटचा एक पाय चेनने खाल्ला. परवा एका आजीबाईंनी आधी मला टॉवेल दिला आणि मग बाळ. जन्मभर ट्रकांवर ताडपत्र्या घालतोस, आता बहिणीवर घाल. लांब कोट घेऊ, चांगला जोड घेऊ, की दूधवाले घालतात तो तंबू? रंग गडद निळा बघ, चिखल दिसत नाही.

एक घर फार लांब आहे. गावाबाहेर नदीला लागून लाकडाची वखार आहे. फाटकाशी ट्रक तोलायचा काटा आणि काटेवाल्याचं घर वखारीच्या आत. पहिलटकरीण आहे, मुलगी झालीय. नवरा इतका अदबशीर की माझा ओला कोट त्याने स्वतः खुंटीला टांगला. मी विचारते ते सगळं तोच सांगतो. ती जेवली का, झोप लागली का, कुठे दुखतं का. ती नुसती त्याच्याकडे बघते. असे हौशी नवरे कमीच, असं मी मोठ्या बाईंना म्हणाले, तर त्यांनी फेऱ्यांच्या वहीत त्या घरापुढे खूण केली.

वहिनींना नमस्कार. अंग वाळायच्या आत उत्तर यावं.

तुझी,
ठकू


दि. ९ जुलै

चि. ठकू हिस,
कोरड्या दादाचे अ. आ.

तो प्लॅस्टिकचा जोड कुणाला तरी देऊन टाक, भांडण असलेल्या माणसाला दिलास तर उत्तम. बाजारातला कोट उभ्या माणसाच्या बेताने कापलेला असतो. सायकलवर माणूस वाकून बसतो आणि वर राबतो. मग कोट पाठीत वर चढतो, गुडघ्यावर आखूड पडतो आणि बाकीचं तू लिहिलंच आहेस. चांगला जोडही मिळतो, घोट्याला पट्टी, शिवणीवर आतून चिकटपट्टी. पण तुला दारोदार उतरायचंय. दर घरी पँट उतरवत बसलीस तर बाळं शाळेत जायला लागतील.

तुला तंबूच हवा. आम्ही त्याला केप म्हणतो. डोक्यातून घालायचा, पुढचा पदर हँडलवर टाकायचा, आत अंगठे अडकवायला दोन फास आहेत. मागचा पदर कॅरिअरपर्यंत. कमरेशी आतून नाडी आहे ती बांधायची, विसरायची नाही. खालून हवा खेळते म्हणून घाम नाही, आणि टोपलीही झाकली जाते. दोष एकच आणि तो लहान नाही. आडवा वारा सुटला की केपचं शीड होतं. तसं वाटलं की उतरायचं आणि सायकल हातात धरून चालायचं. पाणी साचलेल्या जागेतून गेलीस तर पुढे ब्रेक हलकेच दाबत जा, म्हणजे वाळतात.

निळा मिळणार नाही. पावसात काचेतून काय दिसतं ते मी ट्रकवाल्यांकडून रोज ऐकतो. गडद कपड्यातला माणूस त्यांना रस्त्याचाच तुकडा वाटतो. तुला पिवळा शिवलाय, डोळ्यांना त्रास होईल इतका पिवळा. पार्सल वेगळं येतंय.

तब्येतीला जप आणि आमच्यावर माया ठेव.

तुझा,
दादा

ता. क. वन्सं, ह्यांनी तुमचं माप नुसत्या आठवणीने धरलंय, तेव्हा दोन बोटं सैल निघेल. एक विचारायचं होतं. ती वखारीतली बाळंतीण, नवरा समोर नसताना काय बोलते?
तुमची वहिनी


दि. १८ जुलै

ती. दादास,
कोरड्या ठकूचा सा. न. वि. वि.

केप म्हणजे चालतंफिरतं घर आहे. मला आता गावात पिवळ्या बाई म्हणतात. वळणावर दिसले की लोक पाणी तापत ठेवतात. एक दिवस वारा होता, तू सांगितल्याप्रमाणे उतरून चालले. तरीही केपने मला एका कुंपणात नेऊन टेकवलंच.

काटेवाल्याने फार कौतुक केलं. शिवणीवरून बोट फिरवून पाहिलं. कुणी शिवला म्हणून विचारलं तेव्हा मी फुशारकीने तुझं दुकान सांगितलं, गल्ली सांगितली, माझा भाऊ असं काम करतो म्हणाले. मग तो हसत म्हणाला की पूर्वी सिस्टर कधी येतील ते कळत नसे. आता काट्याच्या कॅबिनमधून वळणावरच दिसता, तुम्ही पोचायच्या आत मी घरी हजर.

तसा तो खरंच हजर असतो. म्हणून वहिनींच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

दादा, ओले बूट ठेवायला मी तिथे जागा शोधत होते. दाराशी फक्त त्याचे बूट. खुंटीवर फक्त त्याचा कोट. बाईची चप्पल नाही, छत्री नाही, काही नाही. लसीसाठी दवाखान्यात यायचं तेव्हा ही काय घालून येणार, असं मी सहज विचारलं. तर म्हणाला, तिच्या चपला माझ्या कॅबिनमध्ये आहेत, खणात. बँकेत दागिने आहेत असं सांगावं तसं सांगितलं.

सोमवारी धो धो पाऊस होता. ओलं लाकूड जड भरतं, त्यामुळे पावसात प्रत्येक ट्रकमागे ड्रायव्हर आणि वखारवाल्याची वजनावरून हुज्जत चालते. फाटकाबाहेर ट्रकांची रांग लागली होती आणि काटेवाल्याला हलता येईना. त्याने काचेतून हात वर केला, मीही केला आणि आत गेले. पहिल्यांदाच ती एकटी भेटली. पहिलं वाक्य बोलली ते असं की, हे घालून सायकल मारायला जड जातं का? शाळेत ती सायकलने जायची. बाळाचं वजन करताना मी तिच्या दंडाला धरलं तर ती कळवळली. मी बाही वर केली. पुढचं लिहीत नाही. कपड्याबाहेर दिसेल असं त्याने काही ठेवलेलं नाही.

तिला म्हटलं, निघून चल. ती म्हणाली, मागे नदी, बाजूंनी भिंत, फाटक एकच, आणि फाटकावर तो.

मला एक राखाडी केप शिवून पाठव. इतक्या लांबून दिसणं मला आता नको वाटतं.

तुझी,
ठकू


दि. २३ जुलै

चि. ठकू हिस,
अ. आ.

राखाडी केप मिळणार नाही. मागत असशील तर बहीण म्हणून माग किंवा गिऱ्हाईक म्हणून, उत्तर तेच. त्या माणसाने पाहिलं तर पाहू दे, ट्रकने पाहिलं नाही तर काय होईल ते मला सोसणार नाही.

बाकीचं वाचून जेवण गेलं नाही. तू नर्स आहेस, फौजदार नाहीस. मोठ्या बाईंना सगळं सांग. चौकीवर जायचं तर त्यांना बरोबर घेऊन जा. त्या घरी निघताना दर वेळी कुणाला तरी सांगून जात जा आणि परत आल्यावर आले म्हणून सांग. एकटीने काही धाडस करू नकोस. आई असती तर तिने तुला परतच बोलावलं असतं. मला ते जमत नाही कारण तू ऐकणार नाहीस.

ही आज काही लिहीत नाही म्हणाली. तुझं पत्र तिने स्वतःजवळ ठेवून घेतलंय. ती असं करते तेव्हा मला दुकानात सुचत नाही.

आमचा जीव तुझ्यात आहे हे ध्यानात असू दे.

तुझा,
दादा


दि. २६ जुलै

ती. वहिनींस,
ठकूचा नमस्कार वि. वि.

हे पत्र तुम्हाला. दादाला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

मोठ्या बाई मला घेऊन चौकीवर गेल्या. जमादार काटेवाल्याला चांगला ओळखतो. असा सज्जन माणूस गावात नाही म्हणाला. तरी बाईंच्या आवाजापुढे त्याने एक शिपाई पाठवला. शिपायाने काटेवाल्यालाच बरोबर घेतलं, दारात उभं राहून, त्याच्यासमोर, तिला काही तक्रार आहे का म्हणून विचारलं. तिने नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा तिला नीट बसता येत नव्हतं.

तो मला निरोप द्यायला दारापर्यंत आला. अगदी हळू आवाजात म्हणाला की कुणाचा तरी आमच्याबद्दल गैरसमज झाला, मी कुणाला दोष देत नाही. मग विचारलं, सिस्टर, तुमची शेवटची फेरी कधी? दीड महिना ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात भरतो. त्यानंतर त्या घरात बाहेरचं कुणी पाऊल टाकणार नाही. हे त्याला माहीत आहे आणि तिलाही.

मोठ्या बाई म्हणतात की ती एकदा फाटकाबाहेर आली की वळणावर रुग्णवाहिका उभी करणं त्यांचं काम. तिथून थेट मोठ्या ठाण्यावर जबाब. पण फाटक कसं ओलांडायचं? वहिनी, परवा पावसात मी निमित्त काढून त्याच्या कॅबिनमध्ये जाऊन आले. काचेवरून पाणी वाहत असलं की आतून माणूस दिसत नाही, रंग दिसतो. पिवळा रंग आत आला, पिवळा रंग बाहेर गेला, एवढंच.

ती माझ्यापेक्षा वीतभर बुटकी आहे. केप तिला लोळेल का? तान्हं मूल छातीशी बांधून वर केप घातला तर त्याला श्वास पुरेल का? कापडातलं मला काही कळत नाही. तिला आईवडील नाहीत, पुढे जायचं कुठे तेही ठरायचंय, ती मात्र तयार आहे. मी विचारायच्या आधीच तिचं ठरलेलं होतं, ती फक्त कुणीतरी विचारायची वाट बघत होती.

तुमची,
ठकू


दि. ३० जुलै

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

ह्यांना सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. उठले, दुकानात गेले आणि कापड कापायला बसले.

पार्सलमध्ये झोळी आहे. पट्टे दोन्ही खांद्यांवरून घेऊन पाठीवर फुली करायचे आणि पुढे गाठ. बाळाचं तोंड आईच्या हनुवटीखाली, बाजूला वळलेलं. छातीत दाबलेलं नको. केपचा गळा पुढून उसवून तिथे जाळी लावा, पाठवली आहे, तिच्यावर झडप येते म्हणजे पाणी जात नाही. खालची कड चार बोटं आत घेऊन जाड दोऱ्याने टाचा, नाहीतर चेनमध्ये जाईल. सीट आधीच खाली करून न्या. तिला घरातल्या घरात झोळी बांधून बसायची सवय करू दे.

ह्यांचं म्हणणं एकच आहे आणि ते त्यांनी मला तीनदा लिहायला सांगितलं, मी एकदा लिहिते. वारा असेल त्या दिवशी नाही. बाळ घेऊन ती उतरून चालू शकणार नाही, चालली की ती तुम्ही नाही हे कळेल. मुसळधार हवा, म्हणजे ट्रक अडकतील, पण सरळ पडणारा हवा. तसा दिवस आला नाही तर दुसरा मार्ग शोधा.

पुढे कुठे न्यायचं म्हणून मोठ्या बाई विचारत असतील. तिचे आईवडील नाहीत असं तुम्ही लिहिलंत. इकडे पाठवा. दुकानावरची खोली मी झाडून ठेवली आहे.

वन्सं, ती गेल्यावर तुम्ही त्या घरात मागे राहणार. तुमचं काय ठरलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. हे मी ह्यांच्यापाशी काढलं नाही.

जपून असा. तुमच्या वाटेकडे डोळे आहेत.

तुमची,
वहिनी


दि. ११ ऑगस्ट

चि. ठकू हिस,
अ. आ.

दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. दवाखान्यात फोन लावला तर कुणीतरी उचलून ठेवून दिला.

इथे वारा फार आहे. सकाळी उठलो की आधी दोरीवरची फडकी कुठे उडतात ते बघतो. मग लक्षात येतं की इथला वारा बघून तिथलं काही कळत नाही, तरी उद्या पुन्हा बघणार. काल एका गिऱ्हाइकाचा कोट दोन्ही बाह्या उजव्या शिवून दिला.

चार ओळी लिही. दोन लिही.

दादा


दि. १४ ऑगस्ट

ती. दादास आणि ती. वहिनींस,
ठकूचा सा. न. वि. वि.

मी ठीक आहे. हे आधी लिहिते, मग बाकीचं.

सगळा आठवडा वारा होता. शेवटची फेरी एक दिवस पुढे ढकलली, बाळाचं वजन कमी भरतंय म्हणून खोटं सांगितलं. तो म्हणाला, या की, पण त्यानंतर आम्ही तुम्हाला त्रास देणार नाही. परवा सकाळी वारा पडला आणि पाऊस दोऱ्या सोडल्यासारखा सरळ यायला लागला.

फाटकाबाहेर ट्रक उभेच होते. त्याने हात वर केला, मी केला. आत ती बाळाला पाजून बसली होती. झोळी बांधली. तिच्या पायात माझे बूट घातले, दुसरं काही नव्हतंच. केप घातला, टोपी पुढे ओढली आणि मी तिला सांगितलं की कॅबिनपाशी हात वर करायला विसरू नको. हात सुटला तर तोल जाईल म्हणाली. गेला तरी कर म्हटलं.

खिडकीच्या फटीतून मी बघत होते. गटारावरच्या फळीवर सायकल डगमगली, मला वाटलं संपलं. मग सरळ झाली. काट्यावर एक ट्रक चढलेला होता, त्याच्या आणि कॅबिनच्या मधून ती गेली. काचेत हात वर झाला. तिनेही वर केला. मग फाटकाच्या खांबाआड पिवळा रंग गेला आणि पुन्हा दिसला नाही.

आता रुग्णवाहिका तिला ठाण्यावर पोचवून माझ्यासाठी परत येणार होती. त्याच्या जेवणाच्या वेळेला अवकाश होता. मी अनवाणी त्या खोलीत, पाळण्याशेजारी बसून राहिले. आणि दार उघडून तो आत आला.

त्याने कोट खुंटीला टांगला. पाळण्यात बघितलं. माझ्या पायांकडे बघितलं. मग खुर्ची ओढून दाराला पाठ लावून बसला. म्हणाला, सिस्टर नेहमी उजवा हात वर करतात. तेवढंच म्हणाला. काट्यावर बसल्या बसल्या त्याच्या ध्यानात आलं असणार.

दादा, तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने चहा ठेवला. बाळाला गार लागणार नाही ना विचारलं. तुमचा भाऊ छान शिवतो म्हणाला, आणि तुझ्या गल्लीचं नाव घेतलं, बरोबर घेतलं. मला घाई नाही म्हणाला. चहा माझ्यापुढे ठेवला, मी प्याले नाही, तो माझ्याकडे बघत राहिला.

मग बाहेर एक हॉर्न वाजला. थोड्या वेळाने दुसरा. काट्यावर ट्रक तसाच उभा, मागची रांग अडलेली, आणि काटेवाला जागेवर नाही. एकेक करत सगळे वाजवायला लागले. तो हलला नाही. शेवटी वखारवाला स्वतः शिव्या देत आला आणि दार बडवायला लागला. मालकाला दार उघडावंच लागतं. तो उठला, कॉलर सारखी केली, दार उघडलं आणि नम्रपणे काहीतरी बोलायला लागला. मी दोघांच्या मधून बाहेर पडले. चिखलात अनवाणी चालत फाटकापर्यंत आले तेव्हा मोठ्या बाई रुग्णवाहिकेतून उतरत होत्या.

तिने जबाब दिला, बाही वर करून दिला. त्याला बोलावलं, विचारलं आणि दिवस मावळायच्या आत घरी सोडलं. लांब राहायची ताकीद दिली आहे म्हणे. निघताना त्याने मोठ्या बाईंना विचारलं की सिस्टरना सर्दी तर झाली नाही ना.

मला सध्या आतल्या वॉर्डात काम दिलंय आणि मी मोठ्या बाईंच्या घरी राहते. मोठ्या बाई आपल्या बहिणीबरोबर मायलेकींना उद्या तुमच्याकडे पाठवताहेत. दुकानाचा पत्ता त्याला माहीत आहे. तिला मी तसं सांगितलं. ती म्हणाली, त्याला सगळेच पत्ते माहीत असतात.

तुमचीच,
ठकू


दि. ६ सप्टेंबर

चि. ठकू हिस,
अ. आ.

बाळाने अंग धरलं आहे. हिच्या मांडीवरून उतरत नाही. बाळाची आई आठवडाभर खोलीतून बाहेर आली नाही, मग एक दिवस खाली येऊन मशीनवर बसली. हात हलका आहे. ताडपत्रीच्या कडा आता तीच घालते. इथवर सगळं तुला आवडेल असं आहे.

मंगळवारी दुकानात एक गृहस्थ आले. स्वच्छ कपडे, पाय पुसून आत आले. ऊन पडलेलं असताना बाईमाणसासाठी रेनकोट शिवायला हवा म्हणाले. माप विचारलं तर स्वतःच्या छातीवर आडवा हात धरून उंची दाखवली. खांदा, बाही, सगळं बोटांवर सांगितलं. ठकू, मी आदल्याच दिवशी तिच्यासाठी मशीनचं स्टूल कापून बसतं केलं होतं. ती उंची माझ्या हातात होती. मी वर बघितलं. तो माझ्याकडे बघून हसला. तेवढ्यात वर बाळ रडलं.

मी काय केलं असेल? पेन घेतलं आणि माप लिहून काढलं. रंग कुठला म्हणून विचारलं. तो म्हणाला, तिला आवडेल तो, आणि गेला.

गेला म्हणजे समोरच्या बाकापर्यंत. त्या दिवसापासून तो तिथे बसतो. सकाळी येतो, अंधार पडायला लागला की जातो. कुठे उतरलाय माहीत नाही. पोलिसांना बोलावलं. ते म्हणाले, तिकडची ताकीद तोंडी, बाक सार्वजनिक आहे आणि बसण्यावर गुन्हा नाही. पंक्चरवाला आणि चांभार दोघांनी आपापली बैठक हलवून माझ्या दुकानासमोर मांडली आहे, मी सांगितलं नव्हतं. तो त्यांनाही नमस्कार करतो.

ही म्हणते, दोघींना दुसरीकडे हलवू. तिला विचारलं तर ती म्हणाली की कोट शिवायला घ्या. कुणी का सांगितला असेना, माप माझं आहे.

शिवतोय. माया असू दे.

तुझा,
दादा


दि. २२ सप्टेंबर

ताईंस,
नमस्कार वि. वि.

तुम्हाला माझं अक्षर माहीत नाही. लिहायची सवय गेली होती, दादा म्हणाले तूच लिही, म्हणून लिहिते.

कोट झाला त्या दिवशी पाऊस होता. ताडपत्रीच्या झाकणांचा एक गठ्ठा बाजारात पोचवायचा होता. मी म्हटलं, मी नेते. वहिनी बाळाला घेऊन दारात उभ्या राहिल्या. दादांनी गठ्ठा कॅरिअरला बांधला. दोनदा बांधला. मी नवा पिवळा कोट चढवला, त्याची टोपी घातली आणि बाकासमोरूनच सायकल काढली, दुसरा रस्ताही होता.

तो इतके दिवस नुसता बसला होता. मी त्याच्या पुढून गेले तेव्हा उठल्याचं मला कळलं नाही. मागून टोपीला हिसका बसला. त्याने मूठ भरून धरली होती. माझा गळा आवळला जाणार असं वाटलं आणि मग काही वाटलंच नाही, टोपी निघून त्याच्या हातात गेली. दादांनी ती शिवली नव्हती, चापाच्या बटणांनी लावली होती. मी घसरले, पडले, उठून पुन्हा बसले. मागे वळून बघितलं तर तो गल्लीच्या मधोमध हातात पिवळी टोपी घेऊन उभा, आणि सगळी गल्ली त्याच्याभोवती. पंक्चरवाल्याने त्याचा दंड धरला होता. माझं नाव घेऊन तो ओरडत होता. इतक्या वर्षांत त्याचा चढा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, आणि तो सगळ्यांनी ऐकला.

गठ्ठा मी बाजारात पोचवला. मग परत आले.

या वेळी पोलिसांना सांगायला चौदा माणसं गेली. तो आत आहे. वकीलबाई म्हणाल्या, या खेपेला लवकर सुटणार नाही. पण कधीतरी सुटेल, तेही त्यांनीच सांगितलं. मला खरं सांगितलेलं बरं वाटतं.

बाळ आता खळखळून हसतं. मला दुकानात कामाला ठेवलंय, म्हणजे दादा तसं म्हणतात. तुमचे बूट वेगळ्या पार्सलने पाठवते आहे, नवे तळवे घातलेत. तुम्हाला पुन्हा फेऱ्या दिल्याचं कळलं. मोठ्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

टोपी पोलिसांकडे आहे. दादांनी लगेच दुसरी करून दिली, तशाच बटणांची. ती मी खिशात ठेवते आणि सायकल काढते. रोज डोकं भिजतं आणि रोज वहिनी रागावतात. पण टोपी नसली की मागचं ऐकू येतं.

आठवण ठेवावी, मी ठेवतेच.

तुमची,
बाळाची आई